ग्लेनिसने सोडलेलं पाणी

हार्सडेन गावच्या खालच्या गल्लीत ग्लेनिस अटलीची लाँड्री आहे. आठ मशीन, दोन ड्रायर आणि भिंतीलगत एक लांब बाकडं. घरात कपडे वाळत नाहीत म्हणून निम्मा हिवाळा सगळी गल्ली तिथे येऊन बसते. मी आयुष्यभर या गल्लीत टपाल वाटलं. पावसात भिजून आत शिरलो की ग्लेनिस मला ड्रायरसमोर उभं करायची आणि म्हणायची, "मर्विन, तुलाच आत घालू का? दहा मिनिटांत फुलून येशील."

जिभेची अशी फटकळ, पण कुणाचा सदरा कुठल्या मशीनमध्ये राहिलाय हे तिला पाठ असे. पंधराव्या वर्षापासून ती इस्त्री करत आली होती. नवरा क्लिफर्ड आणि ती, दोघांनी मिळून ही लाँड्री घेतली, मुलंबाळं झाली नाहीत, आणि त्यावर ती कधी बोलली नाही.

आमच्या मागे माळरान आहे. तिथून ओढा उतरतो आणि गिरण्यांच्या काळात बांधलेल्या दगडी मोरीतून गल्लीच्या खालून नदीला जातो. मोरीच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे. एका वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लोक उरलेलं जेवण गरम करत असताना, जाळीत झाडंझुडपं अडकली, मोरी तुंबली आणि ओढा गल्लीतूनच वाहू लागला. ग्लेनिसची मशीन तरंगताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पुढचे कितीतरी दिवस क्लिफर्ड फावड्याने चिखल काढत होता. वसंतात, दुकानाचं नवीन दार बसवता बसवता, तो खाली बसला तो उठलाच नाही. पुरानेच त्याचा जीव घेतला, असं लोक म्हणत. ग्लेनिस हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे.

त्यानंतर काही घरं विकायला निघाली, पण घेणारा कुणी येईना. उरलेले लोक लाँड्रीत बसायचे, कारण दुरुस्ती होऊन उबदार झालेली ती पहिली जागा. गट असा कुणी मुद्दाम काढला नाही. औषधांचं दुकान चालवणारी शाहीन एकदा म्हणाली, "आपण सगळ्यांनी मागची अंगणं सिमेंटनं बंद केलीत. पाणी जिरायचं कुठं?" पुढच्या रविवारी तिच्याच अंगणातलं सिमेंट फोडलं. मग माझ्या. छपराचं पाणी पिंपात घ्यायला लागलो आणि ग्लेनिसची दोन मशीन त्या पाण्यावर चालू लागली. चर्चच्या सभागृहाच्या छपरावर सौरपट्ट्या बसल्या. शनिवारी बाकड्यावर मोडक्या वस्तू दुरुस्त होऊ लागल्या. विद्यापीठातून आलेल्या एका बाईंनी सांगितलं, की गल्लीत कितीही खोदलंत तरी पाणी वरच अडवायला हवं. ओढ्यात आडवे ओंडके घालायचे, खाली फट ठेवायची. रोजचं पाणी खालून जाईल, पुराचं पाणी मागे साचेल आणि सावकाश उतरेल.

वरची जमीन विल्फ ऑर्मरॉइडची. मेंढ्यांचा धनी, कमरेचं दुखणं, बोलणं मोजकं. त्याने ग्लेनिसला कुंपणापाशी उभं ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घाला. पण माझी मेंढी बुडाली तर तुझ्या मशीनमध्ये तिची लोकर तूच धुवायचीस, पोरी." ग्लेनिस तेव्हा साठीला आली होती.

दोन हिवाळे खपून आम्ही नऊ बांध घातले. विरोध एकाच माणसाचा, डेझमंड क्राउदरचा. त्याचा पब मोरीला अगदी लागून आहे. एका बैठकीत तो सगळ्यांसमोर उठला.

"बाईसाहेब, तुम्ही डोंगरावर ओंडके रचताय आणि त्यांचं तोंड माझ्या दाराकडे आहे. एक सुटला तर सरळ जाळीत येऊन बसेल. मग काय कराल? परत धुलाई?"

"तोंड तर तुझंच सगळ्यात मोठं आहे, डेझमंड. मोरीत तेच बसवू," ग्लेनिस म्हणाली.

सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी ती शाहीनच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "तो म्हणतो त्यात खोटं काही नाही." तेव्हापासून नियम पडला. जोराचा पाऊस लागला की कुणीतरी वर जाऊन बांध बघायचे आणि कुणीतरी जाळीपाशी उभं राहायचं.

तीन हिवाळे गल्ली कोरडी राहिली. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत माळावर बर्फ साचलेलं असताना त्यावर पाऊस सुरू झाला आणि थांबेना. दुपारी मी लाँड्रीत होतो. ग्लेनिसचा फोन वाजला. ती फक्त ऐकत राहिली.

"विल्फ आहे," ती म्हणाली. "वरच्या बांधाचं लक्षण त्याला बरं दिसत नाहीये म्हणे."

तिने फिरत असलेली सगळी मशीन बंद केली. आत कपडे असलेल्यांना म्हणाली, "ओलेच घेऊन जा आणि घरातलं सामान वर न्या." माणसं ओले कपडे पिशव्यांत कोंबायला लागली. तिचा चेहराच तसा झाला होता. तिच्या गाडीतून आम्ही दोघं वर गेलो. काचेवरचे वायपर पाण्याला पुरे पडत नव्हते.

वरच्या बांधामागे एरवी घोटाभर पाण्याचं डबकं असतं. त्या दिवशी तिथे तळं होतं, तपकिरी, फेसाळ, आणि अजून वाढत होतं. ओंडके जागच्या जागी होते. दुखणं काठाला होतं. डाव्या बाजूला, जिथे ओंडक्यांची टोकं मातीत रुतवली होती, तिथे पाणी शेजारून वाट काढत होतं. माती ढेकळा-ढेकळाने सुटत होती आणि सगळा बांध त्या अंगाला कललेला दिसत होता. विल्फ ट्रॅक्टर घेऊन उभा होता.

"टिकेल?" ग्लेनिसने विचारलं.

"टिकेलही."

"आणि गेला तर?"

विल्फने हाताने खाली दाखवलं. उतारावर एकाखाली एक आणखी आठ बांध होते, सगळे काठोकाठ भरलेले. "गेला तर हा जाईल त्याच्यावर, तो जाईल त्याच्या खालच्यावर. पाणी आणि लाकूड, सगळं एकदमच तुमच्या जाळीत."

ग्लेनिसने विद्यापीठातल्या बाईंना फोन लावला. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही. नगरपालिकेचा फोन लागला, पण त्यांची माणसं नदीपलीकडच्या गावात अडकली होती. आम्ही तिघं पावसात उभे होतो आणि काठ सुटत होता.

"ट्रॅक्टरनं वरचे ओंडके एकेक करून ओढून काढता येतील?" तिने विचारलं.

"येतील. साखळी आहे. पण मग मागचं पाणी सुटेल."

"सावकाश सुटेल."

"सावकाश म्हणजे गल्लीत येणारच नाही असं नाही, पोरी."

हे तिला विल्फपेक्षा जास्त कळत होतं. बांध टिकला तर गल्लीत थेंब येणार नव्हता. तिने हात घातला तर पाणी येणारच होतं, आणि ते तिने आणलेलं असणार होतं. तिने डोक्यावरची टोपी काढली, पिळली आणि परत घातली. मग मला म्हणाली, "शाहीनला लाव."

शाहीन आणि तिचा नवरा दंताळी घेऊन जाळीपाशी होते, मोरीवरच्या छोट्या पुलावर, कठड्याच्या आत. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"पाणी कुठं आहे?"

"कठड्याच्या एक हात खाली."

"शाहीन, मी वरून पाणी सोडतेय. थोडं थोडं. खालच्या टोकापासून दारं ठोकायला लाव. म्हातारी माणसं माडीवर, दाराला फळ्या, सगळ्यांना सांग."

 "किती वेळ आहे आमच्याकडे?"

"घे वेळ. पण फार घेऊ नकोस."

अर्ध्या तासाने शाहीनने कळवलं की सगळे वर गेलेत, फक्त थेल्मा हेग खुर्चीतून उठत नाही. थेल्मा म्हणजे सातव्या घरातली, एकटी, ऐंशीच्या पुढची, नुकताच तिने बैठकीच्या खोलीत नवा गालिचा घातला होता. शाहीन म्हणाली, "ती म्हणतेय, ग्लेनिसला सांग, तिनं पाणी सोडलं तर ती मला मेली."

"तिला खुर्चीसकट उचला," ग्लेनिस म्हणाली. "आणि मेले म्हणून सांगा."

मग तिने स्वतः डेझमंडला फोन केला. मला करू दिला नाही.

"डेझमंड, मी वरचा बांध मोकळा करतेय. तुझ्याकडे पाणी येणार. तळघरातून काय निघेल ते काढ."

 त्याचा आवाज आला, अगदी हळू. "खबरदार, ग्लेनिस. हात लावायचा नाही. मी येतोय."

तो आला. पबमधला एप्रन तसाच, पायात घरातले बूट, छातीपर्यंत चिखल. विल्फने तोवर ट्रॅक्टर काठावर आडवा लावला होता. ग्लेनिस लांब दांड्याच्या आकड्याने वरच्या ओंडक्यात साखळी अडकवून मागे सरकत होती. डेझमंड आला आणि साखळीवर उभा राहिला.

"मी आधीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा तुम्ही सगळे हसलात."

"हो. हसलो."

"आणि आता उभा आहे ना तो? आहे ना उभा? मग राहू दे! पाऊस थांबेल. उभी असलेली वस्तू कुणी मोडतं का?"

"काठ बघ."

"काठ मला कशाला दाखवतेस? विल्फ, तू सांग. टिकेल की नाही?"

विल्फने ट्रॅक्टरवरून त्याच्याकडे पाहिलं. "मला मेंढ्या कळतात, डेझमंड."

ते बोलत असताना डाव्या काठाचा एक तुकडा, चांगला दारापुढच्या पायरीएवढा, गवतासकट पाण्यात बसला. आवाज फारसा झालाच नाही. वरचा ओंडका थोडा हलला आणि थांबला. डेझमंडने ते पाहिलं. तरी तो साखळीवरून हलला नाही.

"डेझमंड, पाय काढ," ग्लेनिस म्हणाली.

"माझं तळघर—"

"तुझं तळघर, माझी मशीन, थेल्माचा गालिचा. सगळं मला माहीत आहे. पाय काढ."

तो तिच्याकडे पाहत राहिला. पावसाचं पाणी त्याच्या नाकावरून गळत होतं. "मी हो म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "लक्षात ठेव. मी हो म्हटलेलं नाही." आणि त्याने पाय काढला.

पहिला ओंडका निघाला तेव्हा पाणी गुडघाभर उंचीने उसळून खाली गेलं. खालच्या बांधाने ते पोटात घेतलं, थोडं पुढे दिलं. आम्ही थांबलो. फोन माझ्या हातात. हात इतके गारठले होते की फोन दोन्ही तळव्यांत धरावा लागत होता.

"शाहीन?"

"चढतंय. अर्धा हात राहिलाय. थांबा जरा."

थांबलो. दंताळ्याने फांद्या ओढल्याचा आवाज फोनमधून येत होता. मग ती म्हणाली, "उतरलं थोडं. दुसरा काढा."

दुसरा निघाला. तळं थोडं खाली गेलेलं दिसलं, पण काठ सुटायचा थांबला नव्हता. उलट आता पाण्याला ती बाजू ओळखीची झाली होती.

"थांबा!" शाहीन ओरडली. "जाळीत एक दिवाण आलाय! कुणाचा तरी दिवाण! आम्ही काढतोय, पाणी कठड्याला लागलंय, सोडू नका!"

ग्लेनिसने हात वर केला. विल्फने ट्रॅक्टर रोखून धरला. साखळी तिसऱ्या ओंडक्याला ताणलेली होती. डेझमंड माझ्या शेजारी उभा राहून फोनकडे पाहत होता, जणू त्यात त्याला स्वतःचं दार दिसणार होतं. ग्लेनिसची नजर मात्र फक्त डाव्या काठावर होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी मनात आकडे म्हणत होतो आणि सारखे चुकत होते.

"शाहीन, निघाला का?" मी विचारलं.

"अजून नाही! अजून नाही!"

तेवढ्यात काठाला भेग पडली. ओंडक्यांच्या मागून, गवतातून, एक काळी रेघ सरळ आमच्याकडे आली. ग्लेनिसने मला मागे ढकललं.

"शाहीनला सांग पुलावरून उतर. आत्ता."

"ग्लेनिस, ती नको म्हणतेय—"

"सांग तिला!"

मी फोनमध्ये ओरडलो. ग्लेनिसने हात खाली केला. "ओढ, विल्फ."

तिसरा ओंडका आडवा निघाला, काठ खरवडत, आणि त्याच्यामागून पाणी गेलं. या वेळी खालच्या बांधाने ते पोटात घेतलं नाही. त्याच्या डोक्यावरून, मग त्याच्या खालच्याच्या डोक्यावरून, एक पांढरी रेघ उताराने पळत गेली आणि झाडांत दिसेनाशी झाली. पण ओंडका एकही गेला नाही.

"शाहीन?" मी म्हटलं.

काहीच नाही.

"शाहीन!"

फोन चालू होता. आतून घरघर येत होती. डेझमंडने माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. ग्लेनिस दोन पावलं आमच्याकडे आली आणि तिथेच थांबली. तिचं तोंड उघडं होतं. तेवढ्या वेळात ती मला पहिल्यांदाच म्हातारी दिसली.

मग डेझमंड म्हणाला, "आहे. आहे ती." आणि फोन पुढे धरला.

"आम्ही पायऱ्यांवर आहोत," शाहीन धापा टाकत म्हणत होती. "आलं. गल्लीत आलं. पण दिवाण निघाला, ग्लेनिस, पाण्यानंच उचलला. मोरी मोकळी आहे."

 ग्लेनिसने फक्त मान हलवली, फोनमध्ये मान दिसत नाही हे विसरून. डेझमंड उताराने धावत खाली गेला. त्या बुटांनी तो दोनदा घसरला.

गल्लीच्या खालच्या टोकाला गुडघाभर पाणी आलं. पबचं तळघर भरलं. ग्लेनिसची चार मशीन गेली. थेल्माचा गालिचा फुगून दारात अडकला होता, तो कापूनच काढावा लागला. वरच्या टोकाच्या घरांत पाणी पोचलं नाही. कुणाला इजा झाली नाही. अंधार पडायच्या आत गल्ली निथळायला लागली होती.

आणि वरचा बांध, तीन ओंडके कमी झालेला, कललेला, भेगाळलेल्या काठाचा, तसाच उभा राहिला. पाऊस थांबल्यावरही उभा. पुढच्या रविवारी ऊन पडलं तशी माणसं पोराबाळांना घेऊन वर बघायला गेली आणि खाली येऊन म्हणाली, "चांगला घट्ट आहे की." तो कोसळला असता तर ग्लेनिसचं आयुष्य सोपं झालं असतं.

सभागृहात बैठक झाली. इतकी गर्दी तिथे नाताळलाही नसते. थेल्मा पहिल्या रांगेत होती. "भाच्यानं मला गाडीतून नेलं. बघून आले मी. उभा आहे तो! माझं घर हिनं बुडवलं, ओढ्यानं नाही."

कुणीतरी म्हणालं, असं कसं बोलता. कुणीतरी म्हणालं, बरोबर बोलतात त्या. विद्यापीठातल्या बाई काही समजावू लागल्या, तर मागून कुणी ओरडलं, तुमचं घर कुठल्या गल्लीत आहे? ग्लेनिस भिंतीला टेकून उभी होती. तिला बोलायला सांगितलं तेव्हा तिने खिशातले हात काढले.

"तो टिकला असता का, मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला कधीच कळणार नाही. पुन्हा तसं दिसलं तर पुन्हा सोडीन. आणि पुन्हा आधी फोन करीन." मग ती खाली बसली. एवढंच.

मग सगळ्यांची तोंडं डेझमंडकडे वळली, कारण तो तिथे होता आणि तो तिच्या बाजूचा नव्हता.

"मला काय विचारता?" तो चिडून म्हणाला. "मी नको म्हणत होतो. अजूनही माझं तळघर वास मारतंय. टिकला असता का? मला नाही माहीत." त्याने खुर्ची मागे सरकवली. "पण मी त्याच्याखाली उभा राहिलो नसतो."

गटातली निम्मी माणसं त्या वसंतात यायची बंद झाली. भांडण करून नाही, हळूहळू. शनिवारच्या दुरुस्तीला कुणी येईना, तेव्हा शाहीनने बाकड्यावरची हत्यारं गोळा करून ठेवली. जूनमध्ये ती परत मांडली. बांधांचे काठ आम्ही दगडांनी बांधून घ्यायचं ठरवलं, आणि वरचा बांध काढून त्याच्या जागी दोन बुटके बांध घालायचं. पहिल्या दिवशी आम्ही सहाजण होतो. मग डेझमंड आला, या वेळी चांगले बूट घालून.

"मी तुमच्या गटात नाही," त्याने आल्या आल्या जाहीर केलं. "नजर ठेवायला आलोय."

"ठेव ना," ग्लेनिस म्हणाली. "नजर ठेवता ठेवता तो दगड इकडे दे."

त्याने दिला. संध्याकाळपर्यंत तो दगड देतच होता आणि प्रत्येक दगड कसा चुकीचा बसवलाय ते सांगत होता.

थेल्मा मात्र बोलत नाही. दर मंगळवारी ती चाकांच्या पिशवीत कपडे भरून लाँड्रीच्या दारावरून बसथांब्याकडे जाते, पलीकडच्या गावच्या लाँड्रीत. ग्लेनिसला काचेतून दिसतं. मी एकदा म्हटलं, मी जाऊन बोलू का तिच्याशी? "जाऊ दे," ती म्हणाली. "गालिचा तिचा होता."

शरद ऋतूत पाऊस परत सुरू झाला तेव्हा आम्ही दोघं बांध बघायला वर गेलो होतो. नवे काठ चांगले बसले होते. उतरताना ग्लेनिस कुंपणाच्या फाटकाला धरून थोडी थांबली. मला वाटलं, दम लागला.

"मर्विन," ती म्हणाली, "मला स्वप्नात तो बांध दिसतो. आणि दर वेळी तो टिकतो. मी ओंडका काढत नाही, काही करत नाही, आणि तो टिकतो."

 "मग?" मी विचारलं.

"मग काय. उठते आणि मशीन लावते." तिने फाटकाची कडी लावली, ती नीट बसली का ते हलवून पाहिलं, आणि आम्ही खाली उतरलो.